एका वर्षाची किंमत

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी बोलत उभे होतो. तेवढ्यात आमच्या आळीतील एक गृहस्थ पत्नी आणि मुलीसह जवळ आले. त्यांच्या हातात गुळगुळीत कागदाची रंगीत माहितीपुस्तिका होती. मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी निकालाच्या दिवसांत असे कागद घेऊन माणसे माझ्याकडे येतात. गृहस्थ म्हणाले, "सर, एवढं वाचून सांगा. बारावीनंतर पाच वर्षांत दोन पदव्या मिळतात, बी.ए. आणि एल्‌एल.बी. एक वर्ष वाचतं म्हणतात. पैशांचं बघू. आईच्या वाट्याची वाडी आहे, ती तारण ठेवू."

मी पुस्तिका चाळली. मग मुलीकडे वळून विचारले, "बाय, तुला वकील व्हायचंय का?"

उत्तर तिच्या आईने दिले. "मार्क चांगले आहेत, सर. ते वाया कशाला घालवायचे?"

वाचकहो, या छोट्याशा प्रसंगाने मला अस्वस्थ केले आणि हा लेख लिहावयास बसविले. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत आज हाच संवाद चालू आहे. संयुक्त पदवी नावाची एक नवी प्रतिष्ठा आपल्या उंबरठ्यावर येऊन उभी आहे. तिचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत. तिची किंमत सांगणारे फारसे कोणी नाही. ती किंमत मांडण्याचे काम मी येथे करणार आहे. माझे मत प्रारंभीच स्पष्टपणे सांगतो: कर्ज काढून, जमीन तारण ठेवून, मुलाच्या मनाचा ठाव न घेता घेतलेली पाच वर्षांची महागडी संयुक्त पदवी हा आपल्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबांसाठी तोट्याचा व्यवहार आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दृष्टांत आहे. रविवारच्या वाचनांत तो दर तीन वर्षांनी आपल्या कानांवर पडतो. आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, एवढे साधे व्यवहारज्ञान त्यात आहे. आपण तो ऐकतो, त्याचा आध्यात्मिक अर्थ समजून घेतो आणि घरी येऊन हिशेब न करताच बुरुजाचा पाया खणू लागतो.

वाचलेले वर्ष

प्रथम या पदवीचे मूळ पाहू. आपल्या देशात कायद्याचे शिक्षण दीर्घकाळ पदवीनंतरचे शिक्षण होते. बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. व्हावे आणि मग तीन वर्षे एल्‌एल.बी. करावे, असा सहा वर्षांचा राजमार्ग होता. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आहे आणि पुण्याचे आय.एल.एस. विधी महाविद्यालय १९२४ पासून. या संस्थांतून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्या याच वाटेने गेल्या. बारावीनंतर लगेच प्रवेश देणारा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने रुजला तो १९८७ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यालयामुळे. प्रा. माधव मेनन हे त्याचे शिल्पकार. कायद्याचे शिक्षण हे उरल्या वेळात करावयाचे शिक्षण राहू नये, अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र यांच्या सोबतीने ते पूर्णवेळ शिकविले जावे, हा त्यांचा हेतू निःसंशय उदात्त होता. त्या नमुन्यावर पुढे राज्याराज्यांत विद्यापीठे निघाली. महाराष्ट्रातही मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे ती गेल्या दशकात उभी राहिली.

परंतु एखाद्या उदात्त कल्पनेभोवती बाजार जमावयास वेळ लागत नाही. आज पाच वर्षांची संयुक्त पदवी देणाऱ्या खासगी संस्थांचे इतके पीक आले आहे की बार कौन्सिल ऑफ इंडियानेच ऑगस्ट २०२५ मध्ये नवी विधी महाविद्यालये उघडण्यास तीन वर्षांची बंदी घातली. नियामक संस्थेलाच दर्जाची चिंता वाटू लागली असेल, तर आपण पालकांनी किती सावध असावयास हवे?

या संस्था आपल्याला काय विकतात? एक वर्ष. सहाऐवजी पाच. मग त्या वर्षाचे मोल काढू या. आपला मुलगा एक वर्ष आधी वकील झाला, तर त्या वर्षात तो काय मिळवील? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्येष्ठ वकिलांना शिफारस केली की हाताखालील नवोदितांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे. ही शिफारस आहे, सक्ती नाही. तरीही ती सगळीकडे पाळली जाते असे उदार मनाने गृहीत धरू. वाचलेल्या वर्षाची कमाई झाली दोन लाख चाळीस हजार रुपये.

आता दुसरे पारडे पाहू. अनुदानित महाविद्यालयात बी.ए. आणि त्यानंतर शासकीय वा अनुदानित विधी महाविद्यालयात एल्‌एल.बी. करणाऱ्याचे वार्षिक शुल्क हजारांत मोजले जाते. वसईचे मूल घरी जेवते, लोकलचा पास काढते आणि विरार-चर्चगेट गाडीत उभ्याने का होईना, अभ्यास करते. उलट राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वसतिगृहासह वर्षाचा खर्च दोन ते चार लाखांच्या घरात जातो आणि अनेक खासगी विद्यापीठांत त्याहूनही वर. म्हणजे पाच वर्षांचे दहा, पंधरा, वीस लाख. अडीच लाखांचे वर्ष वाचविण्यासाठी पंधरा लाख मोजणाऱ्याला आपण बाजारात शहाणा म्हटले असते काय? केळीच्या घडाला दोन रुपये अधिक मिळावेत म्हणून व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करणारे आपण, शिक्षणाचे नाव निघताच हिशेब करणे हलकेपणाचे का समजतो?

व्याजाचा ताळेबंद

हा झाला रोख खर्च. पण आपल्यापैकी किती जणांच्या घरी पंधरा लाख रोख असतात? मग बँक येते. तेथील हिशेब मी कागद-पेन्सिल घेऊन केला, तो जसाच्या तसा मांडतो.

समजा, दरवर्षी तीन लाख याप्रमाणे पाच वर्षे कर्ज उचलले. व्याजदर दहा टक्के धरू. शिक्षण संपून आणखी एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही, ही सवलत पुस्तिकेत ठळक छापलेली असते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते, ते ठळक नसते. पहिल्या वर्षी उचललेल्या तीन लाखांवर सहा वर्षांचे व्याज, दुसऱ्या वर्षीच्या तीन लाखांवर पाच वर्षांचे, असे करीत शेवटच्या तीन लाखांवर दोन वर्षांचे. सरळव्याजाने ही रक्कम सहा लाख होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी पंधराचे एकवीस लाख झालेले असतात. ते दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे २७,७५० रुपये आणि दहा वर्षांत बँकेत जातात एकूण सुमारे तेहतीस लाख तीस हजार.

आता वरचा आकडा पुन्हा आठवा. नवोदित वकिलाला शहरात मिळावे अशी शिफारस असलेले विद्यावेतन २०,००० रुपये. हप्ता २७,७५० रुपये. उरलेले पावणेआठ हजार आणि मुलाचे जेवण, गाडीभाडे, काळा कोट, पुस्तके हे सारे कोठून येणार? बापाच्या निवृत्तिवेतनातून, आईच्या भाजीच्या टोपलीतून किंवा वाडीतून.

वाडी हा शब्द मी सहज लिहीत नाही. बँकांच्या रूढ शिक्षणकर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सामान्यतः स्थावर तारण लागते. २०२४ मध्ये केंद्राने आणलेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण, विनाजामीन कर्जाची सोय आहे. परंतु ती निवडक, मानांकित संस्थांपुरती आहे. रंगीत पुस्तिकेतील संस्था त्या यादीत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय त्या योजनेच्या भरवशावर राहू नये. ज्या मातीत आपल्या आजोबा-पणजोबांनी रहाट फिरवून पानवेल आणि केळी जगविली, ती माती एका वर्षाच्या घाईसाठी गहाण पडणार असेल, तर त्या घाईचे कारण तरी आपण एकमेकांना विचारावयास नको का?

मधले दार

पैशांचा हिशेब कठीण असला तरी मांडता येतो. त्याहून मोठी किंमत आकड्यांत बसत नाही. ती मला फार जवळून कळली, म्हणून सांगतो.

माझ्या चुलत बहिणीचा मुलगा बारावीला उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झाला. घरात आनंदीआनंद. परगावच्या एका खासगी विद्यापीठात पाच वर्षांच्या संयुक्त पदवीला प्रवेश मिळाला. माझा सल्ला विचारला गेला. मी त्या वेळी पुस्तिका नीट वाचली नाही. हुशार मुलगा आहे, वकील झाला तर आपल्या समाजाला हवाच आहे, असे म्हणून मी मान डोलावली; इतकेच नव्हे तर सात लाखांच्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही केली. तिसऱ्या वर्षाच्या नाताळात तो घरी आला तो गप्प गप्पच होता. गव्हाणीसाठी गवत आणावयास आम्ही दोघे वाडीत गेलो, तेव्हा तेथे तो म्हणाला, "मामा, मला हे नाही जमत. मला वकिली करायची नाही. तीन वर्षं झाली, बी.ए. तरी पदरात पडेल ना?"

मलाही तसेच वाटले होते. दोन पदव्या आहेत, तर पहिली तीन वर्षांची कमाई कोठे जाणार? चौकशीअंती कळले की ती कोठेच जमा नव्हती. बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार या एकत्रित अभ्यासक्रमाचे मध्येच दोन तुकडे करून पहिली पदवी देऊन विद्यार्थ्याला बाहेर पडू देता येत नाही. आत येण्याचे दार एक, बाहेर पडण्याचे दार एक, आणि दोहोंमध्ये पाच वर्षे. महाराष्ट्रातील काही जुन्या विद्यापीठांनी तीन वर्षांअंती पहिली पदवी देण्याची पद्धत ठेवली होती, त्यामुळे आपल्याकडे अनेकांना सर्वत्र तसेच असते असे वाटते. माझाही तोच गैरसमज होता. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात मधूनच बाहेर पडून प्रमाणपत्र घेण्याची जी मुभा आहे, तिच्या भरवशावरही कोणी राहू नये. कायद्याचे शिक्षण बार कौन्सिलच्या नियमांनी चालते.

त्या मुलाने शिक्षण सोडले. हातात गुणपत्रिका होत्या, पदवी नव्हती. त्याने मुक्त विद्यापीठात पुन्हा प्रथम वर्षापासून नाव घातले आणि दिवसा एका मालवाहतूक कार्यालयात नोकरी धरली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो बी.ए. झाला. एक वर्ष वाचवावयास निघालेल्या मुलाची चार वर्षे गेली. शिक्षण सुटल्यामुळे कर्जाची परतफेडही लवकर सुरू झाली. तीन वेळा हप्ता चुकला आणि तिन्ही वेळा बँकेचे पत्र माझ्या नावे घरी आले. मी त्या मुलाला कधी बोल लावला नाही. सतराव्या वर्षी त्याला जे ठाऊक नव्हते, ते साठीत मला तरी कोठे ठाऊक होते? परंतु त्या कागदावरची माझी सही मला अजून टोचते.

तीन अधिक तीन या जुन्या वाटेचे मोठेपण येथे आहे. तिच्या मध्यावर एक दार आहे. वीस-एकवीस वर्षांचा तरुण तेथे हातात एक पूर्ण पदवी घेऊन क्षणभर थांबतो. कायद्याकडे जावे, शिक्षक व्हावे, स्पर्धा परीक्षा द्यावी, की नोकरी धरावी, हे तो स्वतः ठरवितो. त्या थांबण्यालाच आपण वाया गेलेले वर्ष म्हणू लागलो आहोत. संयुक्त पदवी ते दार भिंतीने बुजविते आणि वर त्या भिंतीचे पैसे आपल्याकडून घेते.

आक्षेप आणि उत्तरे

मला ठाऊक आहे, काही वाचक आता सरसावून बसले असतील. त्यांचे आक्षेप रास्त आहेत. त्यांना उत्तरे देणे माझे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप: चांगल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील शिक्षण खरोखरच उत्तम आहे. होय, आहे. ज्या मुलाला वा मुलीला कायद्याचीच ओढ आहे, ज्याने देशपातळीवरील प्रवेश परीक्षेत स्वतःच्या बळावर जागा मिळविली आहे आणि ज्याच्या खर्चाची सोय शिष्यवृत्तीने वा घरच्या बचतीने होत आहे, त्याने अवश्य जावे. त्याला माझे आशीर्वाद. शासकीय वा अनुदानित महाविद्यालयात हाच पाच वर्षांचा अभ्यासक्रम हजारांच्या शुल्कात होत असेल, तर तेथेही पैशांची हरकत उरत नाही, मधल्या दाराची तेवढी उरते. माझा वाद संयुक्त पदवीशी नाही, तिच्या नावावर चाललेल्या आंधळ्या खरेदीशी आहे.

दुसरा आक्षेप: जग आता पाच वर्षांच्या पदवीलाच मान देते. हे खरे नाही. पाच वर्षांचा असो वा तीन, दोघांनाही तीच अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते, दोघांना मिळणारी सनद एकच असते आणि न्यायालयात उभे राहिल्यावर न्यायाधीश कोणाला अभ्यासक्रमाची लांबी विचारीत नाहीत. २०२२ ते २०२४ या काळात सरन्यायाधीश असलेले धनंजय चंद्रचूड हे आधी बी.ए. आणि मग दिल्ली विद्यापीठातून एल्‌एल.बी. झाले. २०२५ मध्ये त्या पदावर बसलेले भूषण गवई हे अमरावतीचे वाणिज्य आणि विधी पदवीधर. आणि सर्वांत बोलका दाखला म्हणजे, ज्या बंगळूरच्या विद्यालयाने पाच वर्षांचा नमुना देशाला घालून दिला, त्यानेच २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एल्‌एल.बी. अभ्यासक्रम सुरू केला. मूळ दुकानदार जुना माल पुन्हा मांडू लागला असता, आपण मात्र तो माल कालबाह्य झाला म्हणून नाके मुरडावी काय?

कोणी म्हणेल, मुलगी लवकर वकील झाली तर लवकर न्यायाधीश होईल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. पदवी घेऊन थेट न्यायासनाकडे जाण्याची वाट त्यामुळे बंद झाली. ती तीन वर्षे तुटपुंज्या मिळकतीत काढावी लागणार आहेत, आणि ज्याच्या मानेवर हप्ता नाही, तोच ती शांतपणे काढू शकेल.

तिसरा आक्षेप सहसा उघडपणे बोलला जात नाही, पण मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो. एक माउली मला म्हणाली, "सर, मुलगी बी.ए. झाली की घरचे लग्नाचं बघू लागतील. पाच वर्षांत अडकली म्हणजे शिकेल तरी." या वाक्याने मी निरुत्तर झालो. मुलीचे शिक्षण टिकावे म्हणून आईला तिला पंधरा लाखांच्या कुलपात ठेवावे लागते, हा दोष पदवीचा नाही, आपला आहे. या दोषावर कर्ज हा उपाय नव्हे. वीस वर्षांच्या मुलीला पुढे शिकावयाचे असेल, तर तिला शिकू द्यावे. त्यासाठी फक्त घरातील चार माणसांनी आपले मन मोठे करावयाचे आहे. त्याला कोणतीही बँक लागत नाही.

कोणासाठी वकील?

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, जो एका घरापुरता नाही. आपल्या समाजाला वकिलांची गरज आहे, आणि ती साधीसुधी नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वसईची हिरवाई वाचविण्यासाठी, गावांचे गावपण राखण्यासाठी येथील माणसे रस्त्यावर आली आणि न्यायालयांतही गेली. सातबाऱ्यावरचे चुकलेले नाव, फेरफाराची अडलेली नोंद, कूळकायद्याचा जुना दावा, वारसांची न झालेली वाटणी, शेजारच्या आदिवासी पाड्यावरची हिसकावलेली जमीन: अशा प्रकरणांत वर्षानुवर्षे टिकून लढणारा, मोजकी फी घेणारा आणि आपली बोली समजणारा वकील आपल्याला हवा असतो.

लाखांच्या कर्जाखाली दबलेला तरुण हे काम करील काय? त्याने करावे अशी अपेक्षा ठेवण्याचा तरी आपल्याला अधिकार आहे काय? ज्याला पुढच्या पाच तारखेला २७,७५० रुपये भरावयाचे आहेत, तो वसईच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात म्हाताऱ्या बाईच्या वारसनोंदीसाठी बसणार नाही. तो वांद्र्याच्या नाहीतर लोअर परळच्या काचेच्या इमारतीत कंपन्यांचे करारनामे तपासावयास जाईल, आणि त्याने जावेच. कारण त्याचे कर्ज त्याला तिकडे ढकलीत आहे. बंगळूरच्या पहिल्या विद्यालयाचीही कथा काही अंशी अशीच झाली. सामान्य माणसाच्या न्यायासाठी घडविलेल्या हुशार पदवीधरांपैकी पुष्कळ जण मोठ्या व्यापारी वकिली संस्थांकडे वळले. अशा ठिकाणी काम करणे पाप नाही. परंतु मुलाने लोकांसाठी वकील व्हावे असे रविवारी बोलावयाचे आणि सोमवारी त्याला अशा कर्जात लोटावयाचे की लोकांकडे पाहण्याची त्याला उसंतच राहू नये, या विसंगतीकडे आपण डोळेझाक करू नये.

येथे सनदेच्या खर्चाविषयीही एक दिलासादायक गोष्ट नोंदवितो. अनेक राज्यांतील बार कौन्सिल नावनोंदणीसाठी हजारो रुपये घेत असत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की कायद्याने ठरविलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. गरीब घरच्या मुलासाठी वकिलीचा उंबरठा न्यायालयाने खाली आणला. आपणच तो कर्जाने पुन्हा उंच करू नये.

विचारावयाचे प्रश्न

टीका करून मोकळे होणे सोपे असते. म्हणून पुढील निकालाच्या मोसमापूर्वी प्रत्येक घराने काय करावे, तेही सुचवितो.

पुस्तिका हाती आली की संस्थेला पाच गोष्टी लेखी विचाराव्यात. पाचही वर्षांचे सर्व शुल्क मिळून किती आणि ते दरवर्षी वाढणार काय? मध्येच शिक्षण सोडावे लागले तर विद्यार्थ्याच्या हाती काय पडते आणि भरलेल्या रकमेपैकी काय परत मिळते? अभ्यासक्रमाला बार कौन्सिलची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे? गेल्या तीन वर्षांत किती विद्यार्थी आत आले आणि किती पदवी घेऊन बाहेर पडले? नोकरी लागलेल्यांचा सर्वांत मोठा पगार नको, मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती? जी संस्था यांची उत्तरे लेखी देण्यास कचरते, तिचा रंगीत कागद पापड वाळवावयास वापरावा.

मग बँकेत जाऊन केवळ हप्ता न विचारता शेवटच्या दिवसापर्यंत भरावयाची एकूण रक्कम विचारावी आणि ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर आठवडाभर लिहून ठेवावी. राज्य शासनाच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. महाडीबीटी संकेतस्थळावर त्यांचे अर्ज भरावयाचे असतात. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला नाही म्हणून आपल्या कितीतरी मुलांचे अर्ज राहून जातात. प्रत्येक धर्मग्रामात जून महिन्यात दोन रविवार मिस्सेनंतर हे अर्ज भरून देणारी चार तरुण मुले बसली, तर त्यांची ती सेवा एखाद्या मोठ्या समारंभापेक्षा अधिक मोलाची ठरेल. आणि आपल्यातील जे ज्येष्ठ वकील आहेत, त्यांनी आपल्या कार्यालयात एका तरी नवोदिताला शिफारशीप्रमाणे विद्यावेतन द्यावे, ही त्यांना हात जोडून विनंती.

सर्वांत शेवटी, आणि खरे तर सर्वांत आधी, मुलाला विचारावे. आईवडील समोर नसताना, एखाद्या मावशीने, काकाने, शिक्षकाने विचारावे, आणि मग उत्तराची वाट पाहावी.

त्या मे महिन्याच्या रविवारी मी त्या गृहस्थांना पुस्तिका परत केली नाही. संध्याकाळी येतो म्हणालो. संध्याकाळी गेलो, तेव्हा मुलगी ओटीवर एकटीच बसली होती. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती बराच वेळ पायरीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मला अजून माहीत नाही, सर."

पुस्तिकेतील प्रवेशअर्जावर या उत्तरासाठी रकाना नव्हता. सतरा वर्षांच्या मुलीचे ते पूर्णपणे प्रामाणिक उत्तर होते, आणि त्या उत्तराला तीन वर्षांचा अवधी देणे आपल्या ऐपतीत बसते. तिच्या वडिलांना मी तेवढेच सांगितले. ती आता जवळच्याच महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गात जाते. उद्या ती वकील होईल किंवा होणार नाही. वाडीचा सातबारा मात्र अजून तिच्या आजीच्याच नावावर आहे, आणि त्यावर कोणत्याही बँकेचा बोजा नाही.